सडकेखालून आलेली हवा

चाकणपासून आळंदीपर्यंतच्या पट्ट्यात शेणावर माझ्या धाकट्या मामंजींइतकं प्रेम करणारा माणूस झाला नाही, आणि पुढं कधी होईल असंही मला वाटत नाही. धाकटे मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे पाठचे भाऊ. सकाळी उठून लोक सूर्याला हात जोडतात, हे गोठ्याकडे तोंड करून जोडत. दारात पाहुण्याची बैलगाडी थांबली की पाहुणा उतरायच्या आधी हे बैलांजवळ पोचलेले असत. बैल काय खातात, पाणी किती पितात, पोट साफ असतं का, अशी सगळी विचारपूस झाली की मग पाहुण्याकडे वळून "तुमचं कसं चाललंय?" पाहुणा निघायला लागला आणि बैलांनी तोवर काहीच दिलेलं नसलं, तर मामंजी त्याचा हात धरून बसवत. "थांबा की राव, एवढी काय घाई? आणखी घोटभर चहा घ्या." पाहुण्याला वाटे, काय हा जिव्हाळा! इकडे मामंजींची नजर बैलाच्या शेपटीवर. शेपटी वर झाली की लगेच, "बरं, या मग. उन्हाच्या आत पोचाल." एकदा त्यांचे व्याही एस.टी.नं आले. बैलगाडी नाही म्हटल्यावर मामंजींचं तोंड इतकं उतरलं, की धाकट्या सासूबाईंनी दोन गोडाची पक्वान्नं करून ती भेट सावरली.

हे प्रेम जन्मापासूनचं नव्हतं. ते जडलं त्याला कारण होतं, आणि ते कारण सडकेच्या अलीकडे, आमच्या घरात होतं.

आमच्या दोन घरांच्या मधून नाशिकची सडक जाते. वाटणी झाली तेव्हा सडकेच्या अलीकडचं माझ्या सासऱ्यांकडे आलं, पलीकडचं धाकट्या मामंजींकडे. वाटणीत भांडण असं काही झालं नाही. भांडण झालं ते पुढं, मायेपोटी. माझ्या लग्नानंतर वर्षभरात सासरे गेले. तेरावा झाला तसे धाकटे मामंजी सडक ओलांडून आले आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "वैनी, आता दोन चुली कशाला? पलीकडं चला. चूल एक करू." सासूबाई या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा मामंजी पाच वर्षांचे होते. आई नव्हती. याच चुलीपुढं बसवून सासूबाईंनी त्यांना भाकरी कुस्करून भरवलेली. आणि आज तेच ती चूल विझवायला सांगतात! सासूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माजी चूल इजवायला आलास व्हय? जा." त्या दिवसापासून वैनी आणि भावजी यांचं बोलणं बंद.

बंद म्हणजे समोरासमोर बंद. एरवी दिवसभर चालूच असे. मामंजी सडकेच्या कडेला उभे राहून आमच्या कुत्र्याला मोठ्यानं सांगत, "सांग म्हनावं, हरभरा सोंगायला उद्या मानसं येत्यात." सासूबाई आतून तुळशीला उत्तर देत, "सांग म्हनावं, ऐकू आलं. बहिरी न्हाई झाले अजून." कुत्रा आणि तुळस दोघांनी सहा वर्षं हा संसार निमूटपणे चालवला. अवघड निरोप असला तर मग मला बोलावणं येई.

सासूबाईंचे डोळे त्याच काळात अधू व्हायला लागले. सारखं पाणी गळायचं, पापण्या लाल. आमचं स्वयंपाकघर म्हणजे एक झरोका आणि बाकी सगळा धूर. चाकणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, "बाई, धूर बंद करा. नाहीतर दोन वर्षांत दिसायचं बंद होईल." सासूबाई म्हणाल्या, "धूर बंद म्हंजी चूल बंद. मग जेवायला तुमच्याकडं येऊ का?" चूल मी सांभाळते म्हटलं तरी त्यांना पटेना. मी परसात गेले की त्या चुलीपुढं जाऊन बसलेल्या असत. पाटाही आपला, फुंकणीही आपली. मी ही गोष्ट विहिरीवर धाकट्या मामंजींच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पुण्याला गेले ते दोन दिवसांनी परत आले. टोपी तिरकी, डोळे तारवटलेले, आणि तोंडात एकच वाक्य, "सूनबाई, शेन पेटतंय! धुराबिगर!"

पुण्यात शेतकीचं प्रदर्शन होतं, तिथं त्यांनी ते बघितलं होतं. त्यांनी मला काठीनं मातीत काढून दाखवलं, म्हणून मीही सांगू शकते. जमिनीत विटांची गोल विहीर बांधायची. तिच्यात शेण आणि पाणी कालवून सोडायचं. वरून एक भलंमोठं लोखंडी पिंप पालथं घालायचं. आत शेण कुजून हवा सुटते, ती पिंपात साठते, पिंप हळूहळू वर उचललं जातं. पिंपाच्या डोक्यावरून नळी काढून स्वयंपाकघरातल्या शेगडीला जोडली, की झाली चूल. हवा वापरली की पिंप खाली बसतं. प्रदर्शनातले लोक त्याला गॅस म्हणत. मामंजींनी तो शब्द घरात येऊ दिला नाही. ते हवाच म्हणत. "आपल्याच म्हशीची हाय, तिला परकं नाव कशापायी?"

उन्हाळाभर खोदाई चालली. गाव हसायला येऊन बसे. पण पिंप जेव्हा पहिल्यांदा वर उचललं गेलं आणि धाकट्या सासूबाईंच्या शेगडीवर निळी ज्योत फुलली, तेव्हा हसणारे सगळे रांगेत उभे राहून बघून गेले. मामंजींचं तर त्या पिंपाशी नातंच जडलं. सकाळी त्याच्यावर हात ठेवून "झोप झाली का?" म्हणत, कान लावून ऐकत, थंडी पडली की त्याच्याभोवती पेंढा लावत. "थंडीत शेन आळशी होतं, सूनबाई. मानसागत." ज्योत बारीक वाटली तर पिंपावर वजन म्हणून पाटा ठेवत, तेवढ्यानं भागलं नाही तर स्वतः वर चढून बसत. वर बसूनच तंबाखू मळत, आल्यागेल्याशी बोलत. ते बसले की आत भाकरी लवकर भाजे. धाकट्या सासूबाई आतून ओरडत, "जरा उतरा, दूध उतू जातंय!" त्या बाईंनी जन्मात एकच तक्रार केली. म्हणाल्या, "माझ्याशी लग्नाला इतकी वर्सं झाली, कधी पेंढा लावला न्हाई."

एवढं सगळं कशासाठी, तर हवा सडकेपलीकडून आमच्या स्वयंपाकघरात आणायची. हे मामंजी कुणाला बोलले नाहीत, पण मला ठाऊक होतं. सासूबाईंचं म्हणणं तुळशीजवळ नोंदवलेलं होतंच, "म्हशीच्या पोटातल्या वाऱ्यावर कुनी भाकरी भाजतं का?" मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, आपण गोवऱ्याच की जाळतो." त्या म्हणाल्या, "गोवरीला ऊन लागल्यालं असतं."

पण सासूबाईंच्या आधी मधे सडक आडवी आली. मामंजींनी कुदळ घेऊन सडकेच्या कडेला पहिला घाव घातला, तसा पोलीस पाटील धावत आला. "मामा, सडक सरकारची हाय. परवानगी पायजे." मामंजी सरपंचाकडे गेले. सरपंच म्हणाला, सडक पंचायतीची नाही, तालुक्याच्या बांधकाम कचेरीत अर्ज करा. आणि इथं मी आले. माझे मालक पिंपरीला कारखान्यात शिफ्टला जात, ते आठवड्याला एकदा घरी. मी चौथी पास, अक्षर बरं. मामंजी आमच्या ओट्यावर बसत, मी उंबऱ्याच्या आत, मधे दाराची फळी. ते सांगत, मी लिही.

अर्ज सांगण्याची त्यांची एक तऱ्हा होती. टोपी काढून मांडीवर ठेवायची, डोळे मिटायचे, आणि आवाज एकदम कीर्तनकारासारखा लावायचा. "लिही. मायबाप सरकारच्या चरणी गरीब रयतेचा शिरसाष्टांग." मग लांब थांबायचं. मग "लिहिलं? आता म्हशींची नावं लिही." मी विचारी, म्हशींची नावं कशाला? "हवा कुनाची हाय ते कळाय नगं?" मग मी चारही म्हशींची नावं लिही. 'अर्जाचे कारण' या जागेवर मात्र त्यांची गाडी अडे. मी म्हणे, "आत्याबाईंच्या डोळ्यांचं लिहू का?" ते दचकून दाराकडे बघत. "न्हाई न्हाई. वैनीचे डोळे कचेरीत कशाला न्यायचे? घरचं हाय ते. लिही, शेन वाया जातं."

असे मी पाच अर्ज लिहिले.

तालुक्याच्या कचेरीत एक कारकून होते. त्यांच्याशी काय बोलणं झालं ते मामंजी परत आल्यावर दोन्ही आवाजांत करून दाखवत. कारकुनाचा आवाज नाकातून काढत. कारकुनाकडे छापील कागद होता, आणि त्यावर दोनच रकाने होते. पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचा नळ.

"तुमच्या नळातून काय जाणार?"

"हवा."

"हवेला परवानगी लागत नाही."

"मग खांदू का सडक?"

"सडक खांदायला परवानगी लागते."

"मग द्या की."

"नळातून काय जाणार ते लिहिल्याशिवाय कशी देऊ?"

"हवा."

"हवेचा रकाना नाही."

मामंजी म्हणाले, "सायेब, तुमी सांडपान्याच्या रकान्यात लिवा. मी कुनाला सांगत न्हाई." त्यावर कारकून चिडले आणि म्हणाले, "खोटं लिहू? मी खोटं लिहू? असं करा, तुमच्या हवेचा नमुना हजर करा. मग बघतो कुठल्या रकान्यात बसते."

त्यांनी रागानं म्हटलं असणार. पण मामंजींना कुणी काही आणायला सांगितलं आणि ते गेले नाहीत असं झालंच नाही. त्यांनी लॉरीच्या चाकाची जुनी ट्यूब मिळवली, तिच्यात पिंपातली हवा भरली, आणि ती टम्म फुगलेली ट्यूब हारासारखी गळ्यात घालून एस.टी.त चढले. कंडक्टर म्हणाला, "मामा, विहिरीत पोहायला निघालात काय?" हे म्हणाले, "कचेरीत." कंडक्टर म्हणाला, "तिथं बुडालेला मानूस ट्यूबनं बी वर येत न्हाई." मामंजी ते शहाणपण तिथंच विसरून कचेरीत गेले. टेबलावर ट्यूब ठेवली, तोंडाला नळी लावली, काडी ओढली. मामंजींच्या मते ज्योत वीतभर होती. पुढं चौकशीला आलेल्या शिपायाच्या मते ती छताला लागायला आली होती. एवढं खरं, की कारकून खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून खिडकीत गेले, आणि आमच्या अर्जाचा एक कोपरा जळाला. मामंजी आनंदात परतले. "दाखवलं त्यास्नी! आता लिवत्यात का न्हाई बघ."

कारकुनांनी लिहिलं. आठ दिवसांत टपालानं कागद आला. सदर हवा ज्वालाग्राही असल्याचे दिसून आले आहे, सबब ती सार्वजनिक सडकेखालून नेण्यास धोका आहे. वरिष्ठ साहेब समक्ष येऊन पाहणी करतील व धोका नाही अशी खात्री झाली तरच परवानगी मिळेल, अन्यथा अर्ज कायमचा निकालात काढण्यात येईल. मी वाचून दाखवलं. 'कायमचा' या शब्दावर मामंजींनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. डोळे मिटले नाहीत. आत सासूबाई फुंकणीनं चूल फुंकत होत्या, त्यांना खोकला लागला होता. तो संपेपर्यंत मामंजी तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "येक अर्ज आनखी लिही. सायेब येतील तवा हातात द्यायला. तेच लिही, शेन वाया जातं म्हून."

मी लिहिलं. पण त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून झाल्यावर, ते उठून गेल्यावर, खाली एक ओळ मी माझ्या मनानं लिहिली. कागद घडी करून त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं.

साहेब पौषातल्या एका शनिवारी येणार असं कळलं, आणि त्या बुधवारपासून आमच्या दोन्ही घरांत जे झालं ते आठवलं की मला अजून पदरात तोंड घालावंसं वाटतं. मोठा माणूस दारात येणार म्हटल्यावर आमच्याकडे एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे सारवणं. मामंजींनीच हुकूम सोडला, "अंगन आरशावानी पायजे. सायबानं वाकून टोपी नीट करावी असं." जो माणूस एरवी शेणाचा एक पोदेखील कुणाला उचलू देत नसे, त्यानं शेणाची पाटी उलटी करून दिली. आम्ही बायकांनी दोन्ही अंगणं सारवली, ओटे सारवले, गोठ्याचं दार, विहिरीचा काठ, पिंपाभोवतीची जागा, मग शेजारणी उत्साहानं आल्या म्हणून बोळही सारवला. चार दिवसांचं सगळं शेण जमिनीवर गेलं. पिंपाखालच्या विहिरीत चिमूटभरही पडलं नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. भरीला शुक्रवारी दिवसभर मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगीत तालीम म्हणून ज्योत पेटवून दाखवत होते. आणि शनिवार चाकणचा बाजार. गावातले सगळे बैल भल्या पहाटे गाड्यांना जुंपून गेलेले, उसनं शेण मिळायचीही सोय नाही. त्यात थंडी अशी, की शेण नुसतं आळशी नव्हे, गाढ झोपलेलं.

साहेब जीपमधून उतरले. पोट सुटलेले, शांत, पण घाईतले. अंगण बघून खूष झाले, टोपी नीट केली. मामंजींनी त्यांना पिंपापाशी नेलं, आणि तिथं पोचल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. पिंप पार खाली बसलं होतं, उन्हात रेडकू बसावं तसं. मी धाकट्या सासूबाईंच्या दाराआड उभी होते. मामंजींनी नळीला काडी लावली. भप् असा आवाज झाला, बोटाएवढी ज्योत आली, लवलवली आणि गेली. दुसरी काडी. नखाएवढी ज्योत. तिसऱ्या काडीला ज्योतच नाही. मामंजी पिंपावर चढून बसले. वरून म्हणाले, "आता लावा." साहेबांनी स्वतः काडी लावली. काडी विझली.

साहेब हसले. चष्मा पुसला आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "आमच्या कारकुनानं काय लिहिलंय हे? यात कसला धोका? अहो, या हवेनं कंदिलाची काच काळी व्हायची नाही. लिहा, सडकेला कोणताही धोका नाही. हरकत नाही."

झालं होतं काम! ज्यासाठी सहा अर्ज, ट्यूब, सारवण, ते साहेबांच्या तोंडून आलं होतं. आणि धाकटे मामंजी पिंपावरून खाली उडी मारून म्हणाले, "कोन म्हनतं धोका न्हाई?"



"सायेब, लई धोका हाय! आज हिचा मूड न्हाई म्हनून. तुमी आठ दिसांनी या. वीतभर ज्योत निघती. कारकुनास्नी इचारा, खिडकीत बसलं हुतं. आवो, ही हवा सडक उडवंल, तुमची जीप उडवंल!"

साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. "म्हणजे धोका आहे?"

"हाय म्हंजी? भरपूर हाय!"

"मग मी हरकत नाही असं कसं लिहू?" साहेब गोंधळले. धाकट्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी दाराआडून खुणा केल्या, पण मामंजींना कुणी काही दिसत नव्हतं. त्यांच्या पिंपाचा चारचौघांत अपमान झाला होता. साहेबांनी काहीतरी सुटका शोधावी म्हणून मामंजींनी आल्याआल्या हातात दिलेला अर्ज उलगडला आणि वाचायला लागले. मायबाप सरकार, म्हशींची नावं, शेण वाया जाते. मग ते थांबले, आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली.

"'अर्जदारास लहानाचे मोठे करणाऱ्या वडील भावजयीचे डोळे चुलीच्या धुराने जात आहेत, त्या आपली चूल सोडत नाहीत, म्हणून ही हवा त्यांच्या चुलीपर्यंत न्यायची आहे.' हे खरं का हो?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मी फळीमागे सरले. आतापर्यंत साहेबाशी वाद घालणारा माणूस, मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं नवं सारवण उकरायला लागला.

सासूबाई अंगणाच्या टोकाला उभ्या होत्या, हे तोवर कुणाला दिसलं नव्हतं. सहा वर्षांत त्यांनी सडक ओलांडली नव्हती. पण मोठा पाहुणा दारात आणि सारवणाच्या नादात भावजींच्या घरात ताक झालेलं नाही, हे त्यांना कळलं असणार. हातात ताकाचा तांब्या, डोळ्यांतून नेहमीसारखं पाणी. त्या दोन पावलं पुढं आल्या. ना कुत्र्याकडे बघितलं, ना तुळशीकडे. सरळ मामंजींकडे बघून म्हणाल्या, "भावजी, गप बसा आता. सायबास्नी सही करू द्या."

मामंजी गप बसले. पाच वर्षांचं पोर बसावं तसे, पिंपाला टेकून खालीच बसले.

साहेबांनी सही केली, ताक प्याले, आणि जाताना म्हणाले, "सडक नीट बुजवा." इतकी नीट बुजवली, की त्या जागेवरून एस.टी. गेली तर मामंजी नंतर जाऊन माती चाचपून बघत.

शेगडी आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि जुन्या चुलीची माफी मागितली. पहिले चार दिवस त्यांची तक्रार, "धूर न्हाई तर शिजलंय ते कळायचं कसं?" भाकरी नीट फुगेना तेव्हा म्हशींनाही दोन शब्द ऐकवले. पण डोळ्यांचं पाणी थांबलं. संक्रांत होऊन शिमगा आला तोवर त्या झरोक्यापाशी बसून तांदूळ निवडायला लागल्या. मी निवडलेल्यातले खडे काढून मला दाखवायच्या. दृष्टी आल्याचा पहिला त्रास मलाच झाला.

आणि मामंजींना एक नवा नाद लागला. पिंप खाली किती गेलं यावरून पलीकडे काय शिजतंय ते ओळखायचं. चार बोटं गेलं की चहा. वीतभर गेलं की भाकरी-कालवण. हातभर गेलं की ते सडकेच्या कडेला येऊन ओरडत, "सूनबाई, आज पुरन हाय वाटतं!" सासूबाई आतून म्हणत, "आता खाल्ल्यालं बी लपवायची सोय न्हाई." बोलणं समोरासमोर सुरू झालं होतं, पण फारसं होत नसे. सहा वर्षं कुत्र्याशी बोलून दोघांनाही तीच सवय झाली होती. सकाळी मात्र ते पिंपाजवळ बसून राहत. उजाडायच्या सुमाराला पिंप चार बोटं खाली गेलं, की उठत आणि धाकट्या सासूबाईंना सांगत, "वैनी उठली." मगच स्वतः चूळ भरत. एकदा सासूबाईंना ताप होता आणि शेगडी पेटली नाही, तर हे अनवाणी धावत सडक ओलांडून दारात. "पिंप अजून वर कसं?"

गेल्या चैत्रात धाकटे मामंजी गेले. फार दिवस आजारी नव्हते. गोठ्याच्या दाराशी खाट टाकून घेतली होती. आता शेणाच्या पाट्या मी आणि धाकट्या सासूबाई मिळून टाकतो, रविवारी माझे मालक टाकतात. सडकेवरून पिंपरीकडे जाणाऱ्या लॉऱ्या वाढल्यात, दिवसभर धूळ उडते. पिंपावर बसायला कुणी नाही, म्हणून नुसता पाटा ठेवलाय.

दहावं झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी मला जाग आली तेव्हा सासूबाई शेगडीपुढं बसल्या होत्या. शेगडीवर नुसतं पाणी. मी म्हटलं, "आत्याबाई, एवढ्या लवकर?" त्या म्हणाल्या, "रोजच्याच येळंला हाय." ज्योत जराशी बारीक केली. मग म्हणाल्या, "पोरी, जरा पलीकडं जाऊन ये. पिंप खाली बसलंय का बघ."

मी गेले. सडक मोकळी होती. पिंपाला मी काठापासून बोटं लावून बघितली आणि परत आले.

"चार बोटं गेलंय, आत्याबाई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मग आधणात चहाची पूड टाकली.

तेव्हापासून रोज सकाळी मी आधी सडक ओलांडते. मग आमच्या घरात चहा होतो.